चौकशीला आलेल्यांनी वडी खाल्ली

आमच्या यवतमाळात विकास आला तो तळणाच्या वासानं आला. आधी या गावाला कापसाचा वास होता. हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं गेलं की घरी येऊन पदर झटकावा लागे, इतका कापूस अंगावर बसायचा. आता त्या जिनिंगच्या आवारात एका बाजूला लग्नाचं लॉन आहे आणि दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लासेस. डॉक्टर होणारी पोरं भल्या पहाटे येतात, इंजिनियर होणारी दुपारी, आणि यातलं काहीच होणार नाही अशी खात्री पटलेली पोरं दिवसभर बाहेर गाडीवर टेकून बसलेली असतात. भूक मात्र सगळ्यांना सारखी लागते. ती लागली की आमच्या गावाची अर्थव्यवस्था हलायला लागते. पोहा-तर्री, आलूबोंडा, कचोरी, मिरचीभजे, गाड्याला गाडा लागून उभा. पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला असतो, त्या मातीच्या ढिगावर प्लेट ठेवून लोक खातात आणि गाव किती सुधारलं यावर बोलतात.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, सरकारी कचेरीतून बडे बाबू होऊन निवृत्त झाले. रोज सकाळी पेपर उघडून ते मला गावाची भरभराट वाचून दाखवतात. "पाह्य, नवीन शोरूम झालं. पाह्य, अजून एक मोठा दवाखाना झाला." दवाखाने वाढले म्हणजे भरभराट कशी, आजारी लोक वाढले म्हणायचं, असं मी म्हटलं की ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहतात. एकदा मी विचारलं, "अन् गाडे वाढले ते?"

"ते अतिक्रमण आहे," हे म्हणाले आणि पान उलटलं.

पान उलटण्याचं कारण मला ठाऊक होतं. त्या अतिक्रमणातला एक गाडा आमच्या लेकाचा होता.

आमच्या घराण्याचा हिशेब असा. आजेसासरे कारकून, सासरे अव्वल कारकून, हे बडे बाबू. पिढीगणिक एक पायरी चढत आलो, तेव्हा चौथ्या पिढीत साहेब निघणार हे धरूनच चाललो होतो. निघाली वडी. लेक कचेरीत लागला होता, नाही असं नाही, पण कंत्राटी. वर्षातून एकदा त्याला काढून टाकायचे आणि थोड्या दिवसांनी परत घ्यायचे, म्हणजे आपण कायम आहोत असा गैरसमज त्याला होऊ नये. असं काही वर्षं चाललं. मग एकदा काढला तो परत गेलाच नाही. मला म्हणाला, "आई, तुह्या हातची सांबारवडी शिकव."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याकडच्या सोयऱ्यांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, त्यांना इडलीबरोबरचं ते आठवतं. निवडलेला, धुतलेला, सावलीत कापडावर वाळवलेला सांबार बारीक चिरायचा, त्यात खोबरं, खसखस, तीळ, मसाला घालायचा, बेसनाच्या पातळ पोळीला चिंचेचं पाणी चोपडून त्यात भरून गुंडाळायचा आणि मंद आचेवर तळायचा. वर कढी नाहीतर तर्री. सोपं वाटतं. सांबार ओला राहिला की वडी तेलात फुटते आणि आच मोठी झाली की वरून करपते, आत कच्ची राहते. माझं माहेर फुलसावंगीचं. हिवाळ्यात भावाच्या शेतातून सांबाराच्या जुड्या यायच्या आणि घरभर वाळत पडायच्या. लग्न झाल्या झाल्या यांची बदली झरी जामणीला झाली, तेव्हा मी एसटीच्या कंडक्टरजवळ वडीचा डबा द्यायची. शनिवारी हे घरी आले की पहिलं वाक्य, "या वेळी मीठ बरोबर होतं," किंवा "या वेळी थोडं कमी पडलं." प्रेमाचं बोलणं आमच्यात एवढंच झालं, पण ते मला पुरलं.

तीच वडी लेकानं जिनिंगसमोर गाड्यावर मांडली. पहिल्या दिवशी ह्यांनी त्याला बोलावलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त मला म्हणाले, "सांग त्याले, घराचं नाव गाड्यावर लिहू नको म्हणा." लेक समोरच उभा होता. तो मला म्हणाला, "सांग त्यायले, नाव लिहिलंच नाही." तेव्हापासून त्या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. मीच घरातलं टपाल. एक स्वयंपाकघराच्या दारात, दुसरा बैठकीत, आणि मधे मी दोघांचंही ऐकून दोघांनाही सांगते, जे दोघांनीही आधीच ऐकलेलं असतं.

ह्यांनी सकाळी फिरायचा रस्ता बदलला. जिनिंगकडे जायचं सोडून उलट्या दिशेला, गोदामांकडे जायला लागले, जिथं कुत्र्यांशिवाय कुणी जात नाही. त्यांचे जुने कचेरीतले दोस्त मात्र सगळे लेकाच्या गाड्यावर. तिथं रांगेत उभं राहून वडी खायची, कढी प्यायची, वरून आणखी कढी मागायची, तोंड पुसत पुसत आमच्या घरी यायचं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. "काय करता भाऊ, नशीब असते एकेकाचं." मिशीला कढी लागलेली असायची. मी चहा द्यायची, आणि त्या चहात साखर घालायला कधी कधी विसरायची. विसरायचीच म्हणते मी.

गाडा चालला, चांगला चालला. पण लेकाचं लग्न काही जमेना, आणि तिशी उलटून गेलेली. आमच्याकडे आजकाल मुलीकडून पहिला प्रश्न येतो, "पुण्यात आहे का?" दुसरा प्रश्नच येत नाही. पुण्यात आहे म्हटलं की काय करतो, कुठं राहतो, काय खातो, सगळं माफ. यवतमाळात आहे म्हटलं की "बरं, कळवतो." आणि यवतमाळात गाडा आहे म्हटलं की फोन आपोआप कटतो, रेंज गेली असं सांगतात. शहर एवढं सुधारलं म्हणता, मग शहरातच राहिलेला पोरगा बिघडलेला कसा, हे मी एका बाईला विचारलं होतं. तिच्या फोनचीही रेंज गेली.

अशात पांढरकवड्याहून एक स्थळ आलं. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, मुलगी तिथल्याच एका शाळेत शिकवणारी. फोटो आला. लेक एरवी फोटो पाहून "बरं आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. हा फोटो त्यानं मोबाईलमध्ये ठेवून घेतला. एका सकाळी बेसन मळता मळता मला म्हणाला, "आई, हे जमलं तं बरं होईन." त्याच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.  मग म्हणाला, "बाबांनी गाड्याचं सांगितलं असन ना त्यायले?"

"तुझ्या बापाले विचार," मी म्हटलं.

तो कसा विचारणार? मीच विचारलं. आणि ह्यांनी सरळ सांगितलं, फोनवर मास्तरांना आपण "मुलगा कचेरीत आहे" असं बोललो.

मी हातातलं लाटणं ठेवलं. "खोटं काहून बोललात?"

"कचेरीत होताच ना तो."

"होता. आहे नाही."

"एकदा लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू सावकाश."

"अहो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहते का?" मी म्हटलं. "त्याचं लग्न आहे ते. तुमची पेन्शनची फाईल नाही, वर दुसरा कागद ठेवून दाबायला."

पण बडे बाबूंनी एकदा शेरा मारला की मारला. उलट हे बंदोबस्ताला लागले. बंदोबस्त कशाचा, तर चौकशीचा. आमच्या भागात मुलाची चौकशी कुणी मुलाच्या घरी करत नाही. घरात सगळेच संत असतात. चौकशी होते पानठेल्यावर, किराणा दुकानात, न्हाव्याकडे. मुलीकडचा माणूस न सांगता येतो, पान लावायला सांगतो आणि पान लागेपर्यंत घराण्याची तीन पिढ्यांची माहिती घेऊन जातो. ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा आहे तो म्हणूनच महिनाभर आधीपासून पानठेलेवाल्याशी गोड बोलतो. हे तर बडे बाबू, त्यांनी कामच पद्धतशीर केलं. गल्लीतल्या पानठेल्यावर जाऊन सांगितलं, कुणी विचारलं तर मुलगा कचेरीत आहे, तंबाखूचा खर्रासुद्धा खात नाही म्हणून सांगजा. किराणावाल्याला सांगितलं. न्हाव्याला सांगितलं आणि विनाकारण केस कापून आले. देवळाच्या पुजाऱ्यालाही सांगितलं, तो तर ऐकून म्हणाला, "सांगतो, पण मले कोणी विचारत नाही." सगळं गाव पढवून झालं. एकच जण राहिला, स्वतःचा लेक. ज्याचा गाडा आपण पाहतच नाही, त्याला जाऊन काय सांगणार?

पुढचं सगळं झालं ते लेकाकडे कामाला येणारी बाई भाचीच्या लग्नाला गेली त्या दिवशी. सकाळी मीच गाड्यामागं पाटावर बसले, पोळ्या लाटून द्यायला. धूर लागतो म्हणून तोंडाला दुपट्टा बांधलेला. हे मला विचारत होते कुठं चाललीस, मी म्हटलं देवाला. खोटं बोलायची साथच आली होती घरात.

गर्दी ओसरत आली तेव्हा दोन गृहस्थ आले. एकाच्या खिशाला दोन पेनं, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. दुसरा त्याचा साळा असावा, कारण तो त्याला सारखा "भाटवे" म्हणत होता. बसमधून उतरलेले आणि सपाटून भुकेजलेले. त्यांनी एक एक प्लेट खाल्ली, मग आणखी एक एक मागितली. साळा म्हणाला, "भाटवे, आपल्याले त्या देवळामागच्या पानठेल्यावर विचाराचं होतं ना?"

"घराजवळच्या पानठेल्यावर कधी विचारू नये," सदरेवाले म्हणाले. "तो पढवलेला राहते. मी नाही का आपल्या गल्लीतला पढवून ठेवला. दूरच्या माणसाले विचाराव." आणि समोर पाहून म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? मारोतीच्या देवळामागं एक रिटायर बडे बाबू राहतात. ओळखता का?"

लेकाचा झारा कढईवर थांबला. मी पोळी लाटायची थांबले.

"ओळखतो," लेक म्हणाला.

"त्यायचं पोट्टं कसं आहे? माह्या पोरीसाठी विचारून राह्यलो. खरं सांगजा."

पांढरकवड्याचे मास्तर ते हेच, माझ्या लक्षात आलं, आणि मी मागून त्याच्या पायाला लाटणं टोचलं. काहीतरी चांगलं बोल रे बाबा, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यानं पाय बाजूला घेतला.

"काही खास नाही," तो म्हणाला. "बापाचं ऐकत नाही."

"व्यसन?"

"खर्राबी नाही."

"राग?"

"आहे. बापावर गेला."

"अन् नोकरी पक्की आहे ना?"

इथं त्यानं वडी उलटली. "नोकरी सोडली त्यानं. कधीचीच. गाडा लावते आता."

मास्तरांनी प्लेट खाली घेतली. "सोडली? बडे बाबू तं मले फोनवर म्हणे, कचेरीत आहे."

लेकानं वळून माझ्याकडे पाहिलं. बापानं काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. आईला ठाऊक होतं, हेही कळलं. मला वाटलं आता हा सगळं सांडून निघून जाणार. त्याचा चेहरा पडला होता, आणि मला ह्यांचा इतका संताप आला की घरी जाऊन त्यांचा पेपर चुलीत घालावा. पण लेक परत कढईकडे वळला आणि म्हणाला, "काका, ते खोटारडे नाहीत. त्यायच्या मनात पोरानं अजून नोकरी सोडलीच नाही."

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडा कोठी लावते तो?"

"इथंच."

"इथं तं लय गाडे आहेत."

"हा," लेक म्हणाला, आणि गाड्याच्या फळीवर बोट ठेवलं.

साळ्याला ठसका लागला. मास्तरांनी उरलेली वडी संपवली, सावकाश, शेवटचा तुकडा कढीत बुडवून. हात पुसला. "आम्ही आता घरीच जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "तुम्ही फोन करू नका घरी."

"नाही करत," लेक म्हणाला.

त्यानं केला नाही. मी मात्र दुपट्टा सोडला, ह्यांना आधी सांगावं म्हणून धावत जाऊन ऑटो पकडला. ऑटोवाल्यानं खणलेल्या रस्त्याचं कारण सांगून गावाला प्रदक्षिणा घातली. मी मागच्या दारानं आत शिरले तेव्हा पाहुणे पुढच्या दारानं आत आलेले होते. हे धावत स्वयंपाकघरात आले, इस्त्रीचा सदरा, कपाळाला घाम. "पांढरकवड्याचे मास्तर न सांगता आले. कोठी गेलती तू? हाताले बेसन काय लागलं? चहा टाक. अन् पोराबद्दल तू एक शब्द बोलू नको, मी पाह्यतो."

मी तोंड उघडलं होतं सांगायला. "एक शब्द नको?" मी विचारलं.

"एक शब्द नको."

"बरं," मी म्हटलं आणि चहा टाकला. निस्तरा आता.

बैठकीत ह्यांनी गावाचा विकास सुरू केला. शोरूमपासून दवाखान्यांपर्यंत सगळा पेपर पाठच होता. मग लेकावर आले. "पोरगा ऑफिसात गेला आहे. फार काम असते. साहेब त्याले सोडतच नाही." मास्तर मान हलवत होते. साळा छताकडे पाहत होता. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी. लेकाचं जमत आलेलं लग्न माझ्या डोळ्यांसमोर मोडत होतं, आणि मोडणारा माणूस ऐटीत पाय हलवत बसला होता.

"गाव वाढलं खरं," मास्तर म्हणाले. "पण खाण्याचं काही राहिलं नाही. आता येता येता जिनिंगसमोर सांबारवडी खाल्ली. तेलकट होती बाप्पा."

ह्यांचा पाय हलायचा थांबला. "गाड्यावरचं ते," हे म्हणाले. "तसंच असते."

"आतला सांबार बी ओला लागला," मास्तर म्हणाले. "बरोबर वाळवत नसन पोट्टा."

 ह्यांचे कान लाल व्हायला लागले. कचेरीत कुणी त्यांच्या फाईलला हात लावला की तसे व्हायचे, असं त्यांचे दोस्त सांगतात.

"अन् हात बी काही धुतलेले दिसले नाही त्याचे," मास्तर म्हणाले.

"कोणत्या गाड्यावर खाल्ली तुम्ही?" ह्यांनी विचारलं.

"पहिलाच. निळी फळी आहे तो."

"तिथं वडी तेलकट नाही राहत."

"होती ना. मी खाल्ली."

"नसन," हे म्हणाले. आवाज चढला. "सांबार वाळल्याशिवाय तो कापत नाही. कापडावर पसरवते, रातभर. मंद आचेवर तळते, गर्दी असो की नसो, आच वाढवत नाही. तळली की चाळणीवर उभी ठेवते, तेल निथळल्याशिवाय प्लेटीत घालत नाही. अन् हात तो दर घाण्याले धुते. मी रोज पाह्यतो. तेलकट कशी होईन?"

"रोज पाह्यता?" मास्तरांनी विचारलं.

तेच मीही विचारणार होते. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. सदऱ्याच्या खिशातला तेलाचा कागद, ज्याला हे मारोतीचा प्रसाद म्हणायचे. सकाळच्या फिरण्यानंतर जेवण न जाणं. मागच्या महिन्यात सहज म्हटल्यासारखं, "सांग त्याले, मंगळवारी मीठ जास्त पडलं होतं." मी सांगितलंही होतं, आणि यांना कसं कळलं हे विचारलंही नव्हतं. गोदामांकडे जाणारा माणूस गोदामांना वळसा घालून जिनिंगच्या मागच्या बाजूनं निघत असणार, समोरच्या चहाच्या टपरीआड उभा राहत असणार आणि तिथल्याच कुणाला पाठवून वडी मागवत असणार. स्वतःच्या लेकाच्या गाड्यावरून, चोरून.

"तुमच्या ओळखीचा आहे का तो पोट्टा?" मास्तरांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द नको म्हणाले होते, तर मी एक शब्दही बोलले नाही.

"माहा पोरगा आहे," हे म्हणाले.

 चहावर साय धरली. मग ह्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, की त्यानं कचेरी सोडली, आपण फोनवर खोटं बोललो, मुलाचा यात काही दोष नाही, त्याला माहीतही नाही. "नाही म्हणायचं असन तर मले म्हणा," हे म्हणाले. "त्याले म्हणू नका."

"लाज वाटली का वडीची?" मास्तरांनी विचारलं, पण आता आवाज मऊ होता.

"वडीची नाही. वडी तं..." हे थांबले. "माहा बाप कचेरीत बसला, मी तिथंच बसलो. जलमभर बसलो. पोरगा तिथून उठून गेला अन् सुखी झाला. मग मी तिथं बसून काय केलं, असं वाटते मले. ते लोकायले कसं सांगू?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पांढरकवड्याच्या परक्या माणसाला. मला वाईटही वाटलं आणि रागही आला, आणि ट्रे खाली ठेवून मी तिथंच खुर्चीवर बसले, पाहुण्यांसमोर, पदरसुद्धा सावरला नाही.

मास्तरांनी चहा घेतला. "वडी तेलकट नव्हती," ते म्हणाले. "आम्ही दोन दोन खाल्ल्या. पोट्टा सरळ वाटला. मग वाटलं, असं पोरगं असून बाप काहून लपवते? ते पाह्याले आलो घरी." थोडं थांबून म्हणाले, "माहा मोठा पोरगा पुण्यात आहे. तो काय करते, मले अजून समजलं नाही. विचारलं तं म्हणते, बाबा तुम्हाले नाही समजणार. लोकायले सांगतो, मोठ्या पॅकेजवर आहे. पॅकेजात काय आहे ते देवाले माहीत. तुमच्या पोराचं निदान खाऊन तरी समजते."

साळा हसला, मग हेही हसले, नाकातून, हसणं चोरून. मास्तर बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर बोलले. आत येऊन म्हणाले, "पोरीले सगळं सांगितलं, कचेरीचं बी अन् गाड्याचं बी. म्हणे, वडी घेऊन या माह्यासाठी. नुसत्या गोष्टी सांगू नका."

पाहुणे जेवायला थांबावेत म्हणून मी भात लावला. दुपारी लेक गाडा झाकून घरी आला. हातात उरलेल्या वड्यांचा डबा, अंगाला तळणाचा वास, सदऱ्यावर बेसन. दारातच थांबला. पाहुण्यांकडे त्यानं पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं, कारण आता बाप काय सांगणार हे त्याला पाहायचं होतं. पाहुणेही असे बसले होते, की जणू या मुलाला त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही. आमचे हे, कचेरीत साहेब आले की खुर्चीतून उठायचे, तेवढंच. निवृत्त झाल्यापासून कुणासाठी उठलेले मी पाहिले नाहीत, सोयरे आले तरी बसूनच "या" म्हणतात.

हे उठले. दारापर्यंत गेले आणि लेकाच्या हातातला डबा घेतला.

"मास्तर, हा माहा पोरगा," हे म्हणाले. "सांबारवडीचा गाडा आहे याचा. जिनिंगसमोर, पहिलाच."

मास्तरांनी हात जोडले. लेकानंही जोडले, बेसनाचे. मग ह्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक वडी मोडली, तोंडात टाकली आणि सवयीनं माझ्याकडे वळले, "सांग त्याले" म्हणायला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. आतून ऐकत उभी राहिले. 

मग हे म्हणाले, "मीठ बरोबर आहे आज."

"हो, बाबा," लेक म्हणाला. "हात धुऊन येतो."